पोर्तुगीज रंगांची कार्डं: एका मॅचिंग सेंटरवालीचा अभिप्राय

डोंबिवलीत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, बटणं, दोरे. गिऱ्हाईक साडीचा पदर काउंटरवर टाकतं आणि म्हणतं, “ताई, काठातला मधला रंग द्या, पण जरा मळका.” अशा मागण्या पुरवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळे रंगांच्या कार्डांबद्दल लिहिताना माझ्याकडून फार सवलत मिळेल असं समजू नका. लेक नोकरीसाठी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात असते. मी आणि आमचे हे तिच्याकडे निघालो, तेव्हा भाच्याने ‘मावशी, तुझा विषय’ म्हणून रंगांची पोर्तुगीज नावं शिकवणाऱ्या कार्डांचा हा संच ऑनलाइन मागवून दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही. असे संच पुष्कळ मिळतात, तेव्हा घेताना काय बघावं तेवढं सांगते.

पुठ्ठ्याच्या डब्यात पत्त्यांएवढी कार्डं येतात. पुढच्या बाजूला नुसता रंग, मागे पोर्तुगीज शब्द, त्याचा इंग्रजी अर्थ, छोटंसं चित्र आणि कोपऱ्यात उच्चार ऐकण्यासाठी क्यूआर कोड. मराठी कुठेच नाही, तशी अपेक्षाही नव्हती. किंमत पाचशेच्या आत. कार्ड जाड आहे, कोपरे गोल कापलेत, चहाचा थेंब पडला तर पुसता येतो. इथपर्यंत पैसे वसूल.

आता छपाई. लाल कार्ड लाल नाहीच. ते कुंकवाकडे झुकलेलं आहे, दुकानात मी त्याला राणीच्या शेजारच्या कप्प्यात टाकलं असतं. जांभळ्याचं तर सरळ वांगी झालंय. फिका निळा आणि निळा दिवसाउजेडी वेगळे दिसतात, पण विमानातल्या पिवळट दिव्याखाली आमच्या ह्यांनी दोन्ही ‘निळा’ म्हणून बाजूला सारले, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. ज्या वस्तूचं कामच रंग दाखवणं, तिने निदान सात-आठ मूळ रंग तरी चोख छापावेत.

शब्द पाठ व्हायला अजिबात वेळ लागत नाही. काळा म्हणजे प्रेतु, हा मराठी माणूस जन्मात विसरणार नाही. पांढरा ब्रांकु, हिरवा व्हेर्द, निळा अझूल, पिवळा अमरेलु, लाल व्हरमेल्यु. नारिंगी म्हणजे लरांझ, संत्र्याचं नाव तेच रंगाचं. राखेवरून आपला राखाडी आला, तसा त्यांचा राखेवरूनच सिंझेंतु. गुलाबीला कोर-द-रोझा, म्हणजे गुलाबाचा रंग. आमच्या ह्यांनी चहाचे दोन कप होईपर्यंत एवढे सगळे म्हणून दाखवले.

खरी गोम व्याकरणात आहे, आणि तिथे आपण मराठी माणसं आयतेच पुढे असतो. डब्यातल्या माहितीपत्रकात अर्धं पान इंग्रजीतून समजावलंय की नामाचं लिंग बदललं की रंगाचं शेवटचं अक्षर बदलतं. वाचून इंग्रजीवाल्याच्या डोक्याला मुंग्या येतील. आपण मात्र पिवळा दोरा, पिवळी लेस, पिवळं बटण हे शाळेत जायच्या आधीपासून म्हणतो. त्यांच्याकडे दोनच लिंगं. बटण पुल्लिंगी, म्हणून बुतांव अमरेलु. दोरा स्त्रीलिंगी, म्हणून लिन्या अमरेला. हिरवा आणि निळा मात्र लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, जसा आपला लाल कुणासाठी बदलत नाही. अनेकवचनात अझूलचं अझुइश होतं. गुलाबी आणि नारिंगी हे फुला-फळांवरून आलेले, ते कशानेच हलत नाहीत. आणि रंग नेहमी वस्तूच्या मागून येतो, एवढंच लक्षात ठेवायचं. मराठीतून असं पत्रक कुणी काढलं तर चार ओळींत भागेल.

सगळ्यात मोठी तक्रार ही की संचावर ‘पोर्तुगालच्या प्रवाशांसाठी’ असं ठळक छापलंय आणि आत आवाज ब्राझीलचा. हिरव्याच्या कार्डावर बाई ‘व्हेर्जी’ म्हणते. पोर्तो-लिस्बनमध्ये लोक शेवटचं अक्षर गिळतात, ‘व्हेर्द’वरच थांबतात. तपकिरीला कार्डावर ‘मारोंम’ छापलंय, तिकडे म्हणतात ‘कश्तान्यु’, चेस्टनटच्या रंगाचा. राखाडीलाही ब्राझीलचा ‘सिंझ’ छापलाय, सिंझेंतु मला लेकीने सांगितला. पोर्तुगालमध्ये ब्राझीलच्या मालिका घराघरात बघितल्या जातात आणि ब्राझीलची माणसंही भरपूर राहतात, त्यामुळे तुम्ही मारोंम म्हणालात तर समोरच्याला कळतं. अडतं ते उलट बाजूने. तो कश्तान्यु म्हणतो आणि तुम्ही कार्डं चाळत उभे. त्यातून मारोंम ऐकला की आपल्या डोक्यात लगेच मरून येतो. ब्लाउजपीसच्या धंद्यातल्या बाईला मरूनच्या जागी तपकिरी काढून दाखवला तर काय होतं, ते मी सांगायला नको.

आणखी एक शब्द संचात हवा होता: एंकर्नादु. हासुद्धा लालच. वयस्कर माणसांच्या तोंडी पुष्कळदा हाच येतो, आणि लिस्बनच्या बेनफिका फुटबॉल क्लबला तर या लाल रंगावरूनच ओळखतात. पोर्तोचा क्लब निळा-पांढरा, स्पोर्टिंग हिरवा-पांढरा. गळ्यात कुठल्या रंगाचा मफलर घालून कुठल्या गल्लीत शिरताय याचं भान ठेवलेलं बरं, असं जावई म्हणतो. तो पोर्तोवाला आहे, तेव्हा थोडी मिरची त्याच्या पदरची.

प्रवाशाला रंग सर्वांत आधी लागतो तो मेट्रोत. लिस्बनला चार मार्ग आहेत: निळा, पिवळा, हिरवा, लाल. विमानतळाचं स्थानक लाल मार्गावर आहे, २०१२ साली सुरू झालेलं. मेट्रोच्या मार्गालाही लिन्याच म्हणतात, म्हणजे दोरा आणि मार्ग एकच, म्हणून तो लिन्या व्हरमेल्या. संचातले चार शब्द इथे चोख कामाला येतात. पोर्तोत मात्र विमानतळावरून निघणारा मार्ग जांभळा, आणि पाटीवर त्याला ‘व्हियोलेता’ म्हणतात. संचात जांभळ्याला ‘रोशु’. शब्द बरोबर आहे, पण पाटीवर तो सापडत नाही. त्रिंदाद स्थानकावर उतरून पिवळा मार्ग पकडला की गाडी दोम लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून दोरू नदी ओलांडून पलीकडच्या गाया शहरात जाते. खिडकीजवळची जागा मिळवा.

जेवणाच्या टेबलावर हा संच सपशेल आडवा होतो. लाल कार्डाच्या मागे वाइनच्या ग्लासचं चित्र आहे. लाल वाइनला तिकडे कुणी व्हरमेल्यु म्हणत नाही, ‘तिंतु’ म्हणतात, आणि हा शब्द अख्ख्या डब्यात नाही. हिरव्या कार्डामागे द्राक्षाचा घड. उत्तरेकडच्या मिन्यू भागात ‘व्हिन्यु व्हेर्द’ नावाची वाइन होते, पण तिच्यातला हिरवा म्हणजे कोवळा, ताजा. ती पांढरी असते, लाल असते, गुलाबीही असते. हे एका ओळीत सांगता आलं असतं. शाकाहारी मंडळींसाठी माझ्याकडून एक भर: ‘काल्दु व्हेर्द’ म्हणजे हिरवं सूप, बटाटा आणि केल नावाच्या पालेभाजीच्या बारीक चिरलेल्या पानांचं. नाव वाचून जीव हरखतो, पण त्यात बहुधा डुकराच्या सॉसेजची चकती टाकलेली असते. मागवतानाच ‘सैं शोरीसु’, म्हणजे सॉसेजशिवाय, असं बजावायचं.

लेकीच्या घराखाली कचऱ्याचे तीन मोठे डबे आहेत, त्याला एकोपोन्तु म्हणतात. हिरव्यात काच, निळ्यात कागद, पिवळ्यात प्लास्टिक आणि पत्र्याचे डबे. सुट्टीसाठी फ्लॅट भाड्याने घेतलात तर घरमालकाच्या सूचनांत हे रंग असतातच. समुद्रावर बावटे: हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर पोहू नका, लाल असेल तर पाण्यात पाऊलच टाकू नका, आणि चौकटीचा असेल तर जीवरक्षक तेवढ्यापुरता जागेवर नाही. पोर्तोजवळच्या मातोझिन्योशच्या किनाऱ्यावर आमचे हे पिवळा बावटा बघून गुडघाभर पाण्यातून परत फिरले, ते मात्र कार्डाची गरज न पडता. दुकानात बँकेच्या कार्डाने पैसे भरताना पिन दाबला की काउंटरवरची मुलगी ‘व्हेर्द’ म्हणते, म्हणजे हिरवं बटण दाबा. असा रोजच्या वापरातला एकही प्रसंग संचात नाही. चित्रं आहेत ती पोपट, फुगा आणि केळं.

आता माझ्या आवडीचा भाग. लिस्बनच्या बायशा भागात रुआ दा कॉन्सेइसांव नावाचा रस्ता आहे, २८ नंबरची ट्राम जाते तिथून. या रस्त्यावर रेत्रुझरिया, म्हणजे आपल्या भाषेत मॅचिंग सेंटरंच. बटणं, फिती, लेस, दोरे. चिंचोळं दुकान, भिंतीला छतापर्यंत खण, आणि प्रत्येक खोक्याच्या तोंडाला आतल्या बटणाचा नमुना शिवलेला. मी अगदी हीच पद्धत वापरते! मला एका कुर्त्याला चिंतामणी बटणं हवी होती. कार्डातला अझूल काढून दाखवला. काउंटरमागच्या आजोबांनी कार्डाकडे बघितलं, मग माझ्या कुर्त्याकडे, आणि कार्ड बाजूला ठेवून दिलं. पहिलं खोकं फार फिकं निघालं. मग लेकीने शिकवलेलं एक वाक्य कामी आलं: ‘माइझ इश्कूरु’, अजून गडद. दुसऱ्या खोक्यावर ‘माइश क्लारु’, अजून फिका. तिसऱ्याला आजोबा बटण आणि माझी बाही धरून मला दारापर्यंत उजेडात घेऊन गेले. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम तिथेही तोच. जमलं. बटणं घेतली, वर मोतिया रंगाची लेसही. तिला ते ‘क्रू’ म्हणतात, म्हणजे कच्चा.

क्लारु आणि इश्कूरु हे दोन शब्द संचात आहेत, पण सुटे नाहीत, फिक्या निळ्याला आणि गडद निळ्याला चिकटवलेले. सुटे दिले असते तर एकेका रंगाचे तीन रंग झाले असते. प्रवासात याच दोन शब्दांनी माझं सर्वांत जास्त काम केलं.

मग घ्यावा का? बरोबर मुलं असतील, किंवा आमच्या ह्यांच्यासारखं कुणी वाचायला कंटाळणारं असेल, तर जरूर घ्या. विमानात आणि रांगेत वेळ छान जातो. ब्राझीलला जाणार असाल तर डोळे मिटून घ्या. फक्त पोर्तुगालसाठी हवा असेल तर विकत घेण्याआधी हिरव्या आणि तपकिरी कार्डाचा फोटो बघा, आवाजाचा नमुना ऐका. व्हेर्जी आणि मारोंम निघाले तर दुसरा संच शोधा. गोव्यात किंवा जवळपास राहत असाल तर पणजीत पोर्तुगाल सरकारच्या कामोइंश संस्थेचं भाषा केंद्र आहे, तिथे चौकशी केलेली जास्त बरी. माझ्याकडून पाचपैकी अडीच तारे: एक पुठ्ठ्याला, एक सोप्या मांडणीला, अर्धा भाच्याच्या प्रेमाला.

डब्यात शेवटी दोन कोरी कार्डं येतात, ‘तुमचे शब्द लिहा’ म्हणून. एकावर मी मार्करने तिंतु आणि व्हियोलेता लिहिलं, दुसऱ्यावर कश्तान्यु आणि एंकर्नादु. क्रूला जागा उरली नाही.