दिवसातले दोन तास की आठवड्यातला एक दिवस?

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीत खरेदी, नियोजन वा लेखा विभागात पंधरा-वीस वर्षे काढल्यावर, नोकरी न सोडता काम कमी करायचे म्हटले तर व्यवहारात दोनच मार्ग उरतात. एक, पगार आहे तसा ठेवून रोज ठरलेल्या वेळी घरी निघणे. दुसरा, सहाऐवजी पाच दिवस काम करण्याची लेखी परवानगी घेऊन त्या प्रमाणात कमी पगार स्वीकारणे. वर्षातून चार लांब सुट्ट्या घेण्याचा तिसरा पर्यायही सुचवला जातो, पण सुट्टी संपताच जुनीच घडी परत येते, म्हणून त्याचा विचार इथे केलेला नाही.

आधी तासांचा हिशेब मांडावा. सुटण्याची वेळ साडेपाचची असून प्रत्यक्षात साडेसात वाजत असतील, तर सहा दिवसांत बारा तास जातात. कारखान्यातील कामगाराला जादा तासांचा दुप्पट मोबदला देण्याची तरतूद कायद्यात आहे. व्यवस्थापकीय पदावर असलेल्याला मात्र तो सहसा मिळत नाही. म्हणजे वेळेवर निघणारा माणूस एक रुपयाही न गमावता आठवड्याला बारा तास परत मिळवतो, तर एक दिवस कमी करणारा पगाराचा सहावा हिस्सा देऊन त्या दिवसाचे आठ अधिक दोन असे दहा तास घेतो आणि उरलेल्या पाच दिवसांत साडेसातपर्यंत बसतच असेल, तर त्याच्या पदरात तुलनेने कमीच पडते.

पैशांची झळ मासिक पगाराबरोबरच ग्रॅच्युइटीतही (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेतही) बसते आणि नेमके तेच अनेकांच्या लक्षात येत नाही. ही रक्कम मुख्यतः अखेरच्या मूळ पगार व महागाई भत्त्यावर, सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरून काढली जाते. ही बेरीज 60,000 रुपये आणि सेवा 20 वर्षे असेल, तर सुमारे 6,92,000 रुपये होतात. निवृत्तीच्या वेळी तीच बेरीज 50,000 झालेली असेल, तर सुमारे 5,77,000. शेवटची दोनच वर्षे पाच दिवस काम केले असले, तरी आधीच्या अठरा वर्षांचीही मोजणी कमी पगारावर होते. भविष्यनिर्वाह निधीतील 12 टक्क्यांचा वाटाही घटतो, पण तो त्या महिन्यांपुरताच.

कामाच्या वाटपाबाबत माझा अनुभव कटू आहे. खरेदी विभागात असताना मी दीड वर्ष पाच दिवसांची सवलत घेतली होती. पुरवठादारांची यादी मात्र होती तेवढीच राहिली आणि सुट्टीच्या दिवशीही डिस्पॅचचे फोन येत राहिले. मी पगार कमी करून घेतला, काम कमी करून घेतले नाही, ही माझी चूक होती. आइसलँडमध्ये 2015 ते 2019 या काळात सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांचे तास घटवले गेले, तेव्हा पगार कापला नव्हता आणि बैठका व कामाची पद्धत बदलली होती. मायक्रोसॉफ्टच्या जपानमधील शाखेने ऑगस्ट 2019 मध्ये शुक्रवारची सुट्टी दिली, तेव्हा बैठकांवरही अर्ध्या तासाची मर्यादा घातली.

वेळेवर निघण्याची किंमत वेगळी आहे: साहेबांची नाराजी, अप्रेझलमध्ये एखादी पायरी खाली जाणे आणि पहिले काही महिने सहकाऱ्यांच्या नजरा. ही किंमत खरी आहे, पण नाशिकमध्ये तिचा मोबदलाही भरपूर मिळतो, कारण अंबडहून गंगापूर रोडला पोहोचायला मुंबईसारखा दीड-दोन तासांचा प्रवास लागत नाही. साडेपाचला निघालेला माणूस उन्हाळ्यात उजेड असतानाच सोमेश्वरला नदीकाठी फिरू शकतो किंवा मुलांचा अभ्यास घेऊ शकतो.

त्यामुळे बहुतेकांनी आधी पहिला मार्ग सहा महिने नेटाने चालवून पाहावा, असे माझे मत आहे. आईवडिलांच्या डायलिसिससाठी किंवा गावाकडच्या द्राक्षबागेसाठी ज्याला कामाच्या दिवसांतला एक अखंड दिवस हवाच आहे, त्याला मात्र रोजचे दोन तास पुरणार नाहीत. त्याने दुसरा मार्ग निःसंकोच निवडावा, पण परवानगीच्या पत्रात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणते काम कोणाकडे जाईल, सुट्टीच्या दिवशी फोन कोण घेईल आणि पूर्ण पगारावर परत येण्याची मुभा केव्हापर्यंत राहील.