चिली-लाइमची बाटली की घरचं तिखट-मीठ-लिंबू?

मालवणहून मावसबहिणीने विचारलं, "ताई, ती चिली-लाइम मसाल्याची बाटली घेऊ, की आपलं तिखट-मीठ-लिंबूच बरं?"

बाटलीत असतं काय? मिरची, मीठ आणि सुकवलेला लिंबाचा रस. मेक्सिकोत हा मसाला फळांवर भुरभुरतात. आपण कैरीच्या फोडींना लावतो तसंच. खर्चात घरचं स्वस्त, त्यावर बोलायलाच नको.

खरा फरक ओलाव्याचा. पेरूवर, भाजलेल्या कणसावर ताजं लिंबू चोळलं की जो वास सुटतो, तो बाटलीतल्या भुकटीला नाही. पण बांगडे तळताना रव्यात लिंबू पडलं की रवा गिच्च होतो आणि तव्याला चिकटून बसतो. तिथे कोरडा मसाला रव्यातच मिसळायचा. भाजलेल्या काजूंवरही तोच. मात्र वरून मीठ घालू नकोस. मी एकदा घातलं, आणि बांगडे भाताशिवाय खाववेनात.

टिकायला बाटली बरी, पण आपल्या पावसात झाकण सैल राहिलं की आत खडा. वाफाळत्या कढईवर ती उपडी धरायची नाही, कोरड्या चमच्याने घ्यायचं.

तळणीला, डब्याला, प्रवासाला बाटली घे. फळं, कोशिंबीर यांना घरचंच. आणि माशाच्या आमटीत दोन्ही नको, तिथे आमसूल.