धरमपेठेतली काकूंची लायब्ररी आणि गावाकडच्या गोष्टींचा तो एक कप्पा

मोठी ९ वर्षांची, लहाना ६ चा. मार्चमध्ये घरात ठरलं की मे पासून नागपूर सोडून काटोलकडे शेतावर राहायला जायचं, मामाजींचा संत्र्याचा बगीचा आहे, ४ गायी, एक बैलजोडी, पाच-सहा शेळ्या. लहाना खूश. मोठी मात्र त्या दिवसापासून गप्प गप्प, जेवण पण कमी केलं तिनं. दोन-तीन दिवसांनी रात्री झोपताना बोलली, आई मला तिथलं काहीच येत नाही नं. इथे ती वर्गात पुढे, स्केटिंग येतं, सगळं येतं, आणि तिथे तिच्यापेक्षा लहान पोट्टे बैल धरून चालतात हे तिनं दिवाळीत बघितलं होतं. मला तेव्हा वाटलं की अशा मुलांच्या गोष्टी असतीलच की, शहरातून गावात गेलेल्या, त्या वाचायला देऊ.

आधी ऑनलाइन ४ पुस्तकांचा सेट मागवला. एकाची पानं फाटलेली आली ते जाऊ द्या, पण भाषा! इंग्रजीवरून केलेली पुस्तकं होती सगळी. गाय 'धान्याच्या कोठारात' झोपते. लहाना विचारून राहिला, आई, गाय धान्य खाऊन टाकत नाही का रात्री? अहो गोठा म्हणा ना, इतका साधा शब्द आहे. चित्रांत प्रत्येक गाय काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, पाठ सपाट, वशिंडाचा पत्ता नाही. आमच्याकडे गवळाऊ गायी आहेत, पांढऱ्याशुभ्र, वशिंड असलेल्या, वर्धा-नागपूरकडचीच जात ही. पोरीनं पुस्तकातली गाय बघून मनात जे चित्र केलं असतं ते गोठ्यात गेल्यागेल्या मोडलं असतं.

मग मैत्रिणीनं या लायब्ररीचं सांगितलं. धरमपेठेत एका जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, बोर्ड वगैरे काही नाही, सगळे काकूंची लायब्ररीच म्हणतात. काकू रिटायर्ड शिक्षिका. डिपॉझिट ५००, महिन्याचे १५०, एका वेळी २ पुस्तकं, संध्याकाळी ५ ते ८, सोमवारी बंद. फक्त मुलांची पुस्तकं.

पहिल्याच दिवशी जे झालं ते सांगते कारण मला ते फार आवडलं. मी सांगायला लागले की असं असं आहे, गावाला जातोय, तर काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या, पोरीला म्हणाल्या, तुला अंधाराची भीती वाटते का जनावरांची? ती म्हणाली, शिंगांची. काकू उठल्या, खिडकीजवळच्या रॅकच्या खालच्या कप्प्यातून एक पातळ पुस्तक काढलं आणि म्हणाल्या हे ने, आवडलं नाही तर उद्याच परत आण, का नाही आवडलं ते मात्र सांगायचं.

तो कप्पा म्हणजे पंचवीस-तीस पुस्तकं असतील, सगळी याच विषयाची, शहरातली मुलं गावात, जनावरांमध्ये. मार्च ते मे आम्ही त्यातली चौदा वाचली, मीही प्रत्येक वाचलं. सगळी चांगली नाहीत हे आधीच सांगते. बऱ्याच पुस्तकांत गाव म्हणजे नुसती सहल, मुलं येतात, आंबे खातात, विहिरीत पोहतात, वासरू मिठी मारायला तयारच असतं आणि आठ दिवसांत शहरातला हट्टी मुलगा एकदम शहाणा होऊन जातो. शेण नाही, माशी नाही, सकाळी ५ ला उठणं नाही. जनावर बोलायला लागलं की मोठी पुस्तक मिटूनच टाकायची. ती म्हणायची, गाय बोलली तर मग मला तिच्याजवळ कसं जायचं ते शिकायलाच नको नं. मला हे खूप पटलं. चांगलं पुस्तक ते, ज्यात जनावर जनावरच राहतं आणि मुलाला एक तरी काम हातानं जमायला लागतं.

काकूंनी दिलेलं पहिलं पुस्तक तसंच होतं. पुण्याचा मुलगा आजीकडे राहायला येतो, निम्म्या पुस्तकापर्यंत त्याचं सगळं चुकतं. गायीच्या अगदी मागून जाऊन हात लावतो आणि लाथ खातो. आजी ओरडत नाही, फक्त सांगते की तिला तिच्या बरोब्बर मागचं दिसत नाही रे, बाजूनं ये, येताना बोलत ये. एवढंच. पण हे खरं आहे, गायीला दोन्ही बाजूंचं लांबपर्यंत दिसतं, ठीक मागचं दिसत नाही. मे मध्ये आम्ही गेलो तेव्हा मोठी गोठ्यात बाजूनं, हळू आवाजात "मी येतेय, मी येतेय" म्हणत शिरली. मामाजी बघतच राहिले, म्हणाले हिला कोणं शिकवलं बाप्पा.

दुसरं एक पुस्तक देताना काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यात रडू येईल, आधी तुम्ही वाचा. मुलगी एका करडाला बाटलीनं दूध पाजून वाढवते आणि दसऱ्याच्या आधी घरचे त्याला बाजारात विकतात. शेवटी ते परत येत नाही. लेखक कुणालाही वाईट ठरवत नाही, बापाला बियाण्याचे पैसे द्यायचे असतात, मुलगी दोन दिवस कुणाशी बोलत नाही आणि तिसऱ्या दिवशी बाकीच्या शेळ्यांना चारा टाकायला उठते कारण त्या ओरडून राहिल्या असतात. मी देऊ का नको करत होते. दिलं. मोठी रडली, खूप रडली, मग विचारलं, आपल्याकडच्या पण विकतात का? मी खरं सांगितलं, हो, बोकड विकतात. गावाला गेल्यावर पहिल्यांदा व्यापारी आला तेव्हा तिला ते माहीत होतं. मला वाटतं न सांगता नेलं असतं तर तिनं मला माफ केलं नसतं.

हायडी पण आहे त्या कप्प्यात, मराठीत, स्वित्झर्लंडच्या डोंगरात आजोबांकडे राहणाऱ्या मुलीची ती गोष्ट. बहुतेक जण हायडीची आठवण ठेवतात पण आमच्या कामाची होती क्लारा, फ्रँकफर्टची, चाकाच्या खुर्चीतली, जी १८८१ च्या दुसऱ्या भागात डोंगरावर येते आणि शेळ्यांच्या दुधानं आणि हवेनं चालायला लागते. हे मला जरा सोपं वाटतं, इतकं सगळं नुसत्या डोंगरानं बरं होत नाही. पण पीटर आहे नं, शेळ्या राखणारा पोरगा, त्याला या शहरातल्या मुलीचा इतका राग येतो की तो तिची खुर्चीच उतारावरून ढकलून देतो. गावातल्या पोराला पण पाहुणे आल्यावर त्रास होतो, हे फार कमी पुस्तकांत येतं. आमच्या शेजारच्या शेतातला पोरगा सुरुवातीला मोठीशी बोलायचाच नाही, तेव्हा ती मला म्हणाली, पीटर आहे तो.

जूनच्या शेवटी एक पहिलारू गाय व्यायली आणि वासराला जवळच येऊ देईना. चीक तर पहिल्या तास-दोन तासात पोटात जायला पाहिजे, त्यातूनच वासराला रोगाशी लढायची ताकद मिळते. मामाजींनी गायीचे पाय बांधून थोडा चीक काढला, पण वासराला बादलीत तोंड घालायचं कळत नव्हतं. मोठीनं न सांगता फ्रॉक वर खोचला, दोन बोटं चिकात बुडवली, वासराच्या तोंडात दिली, ते चोखायला लागल्यावर हळूहळू हात बादलीत खाली नेला. पिवळा, घट्ट चीक कोपरापर्यंत. ओरडली, आई याची जीभ सँडपेपरसारखी आहे! तिनं वाचलं होतं हे, त्याच कप्प्यातल्या एका पुस्तकात, तिसऱ्या का चौथ्या प्रकरणात. उरलेल्या चिकाचा दुसऱ्या दिवशी खरवस झाला, तिनं खाल्ला नाही, म्हणाली तो त्याचा आहे.

आता लायब्ररीच्या तक्रारी. उजेड कमी आहे, खालचे कप्पे सहा नंतर दिसत नाहीत, मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. नोंद अजून वहीत, त्यामुळे कोणतं पुस्तक कुणाकडे आहे ते सापडायला वेळ लागतो, आणि चांगल्या पुस्तकांची एकच कॉपी, करडाच्या पुस्तकासाठी आम्ही तीन आठवडे थांबलो. पार्किंग तर विसराच. विदर्भातल्या गावांची पुस्तकं खूपच कमी आहेत, बहुतेक कोकण नाहीतर देशावरची. बंडी (बैलगाडी), कुटार (भुसा), ढेप (पेंड), हे शब्द वाचायला मिळाले तर आमच्याकडच्या मुलांना किती आपलं वाटेल. हे मी काकूंना सांगितलं, त्या म्हणाल्या कुणी लिहिलं तर मी पहिली घेईन.

आम्ही आता महिन्यातून एकदाच येतो, साठेक किलोमीटर पडतं, तरी मेंबरशिप बंद केलेली नाही. काकूंनी आमच्यासाठी २ च्या ऐवजी ६ पुस्तकं एकदम द्यायचं कबूल केलंय, लेट फी नाही. त्या बदल्यात मोठीनं प्रत्येक पुस्तकात जनावरांबद्दल काही चुकलं असेल तर कागदावर लिहून आत ठेवायचं, पुढच्या मुलासाठी. कोठारवालं पुस्तक आम्ही लायब्ररीला देऊन टाकलं, त्यात तिची चिठ्ठी आहे, "हा गोठा आहे."

पोळा पुढच्या आठवड्यात. दरवर्षी मोठी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याला, लाकडी नंदी घेऊन आमच्या कॉलनीत फिरायची, बोजारा म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे-खाऊ गोळा करायची. या वर्षी म्हणते नागपूरला नाही यायचं, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचा खांदा शेकायचा असतो, पळसाच्या पानानं तूप-हळद लावायची असते, आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" हे बैलांना म्हणायचं काम मामाजींनी तिला दिलंय. पुस्तकं परत करायची तारीख नेमकी त्याच दिवशी येते. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, पोळा झाल्यावर आणा.