पन्नास टक्के स्कॉलरशिप, तीन लाख ऐंशी हजार फी

बारावीचा निकाल लागायच्या आत ज्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अभिनंदन, आपल्या पाल्याची मेरिट स्कॉलरशिपसाठी निवड झाली आहे’ असं पत्र येतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या ताईकडे २०२४ च्या मे महिन्यात असं पत्र आलं. भाची हुशार, सीईटीला पुढे ९४ पर्सेंटाइलच्या वर गेली. दाजींचं तालुक्याच्या गावात स्टेशनरीचं दुकान. इतर मागास प्रवर्ग, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली, नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला दोन्ही काढून ठेवलेले. म्हणजे सरकारची फी माफी जिच्यासाठी आहे तीच ही मुलगी, आणि नेमकं तिलाच तिथून गोड बोलून बाजूला काढलं. पैशांपेक्षा मला राग त्याचा आहे.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. एक रक्कम अजून अडकलेली आहे, तक्रार चालू आहे. राज्यातलं एक खाजगी विद्यापीठ, एवढंच समजा. आपल्या अटी माहितीपत्रकात उघड छापणारी आणि दिलेला शब्द पाळणारी खाजगी विद्यापीठंही आहेत, हेही सांगून टाकतो.

सुरुवात एका ‘मोफत करिअर मार्गदर्शना’तून झाली. मंगल कार्यालयात खुर्च्या, चहा-बिस्कीट, पडद्यावर कंपन्यांचे लोगो. बोलणारा गृहस्थ शैक्षणिक सल्लागार. “आमची फी शून्य, आम्ही फक्त मार्ग दाखवतो,” असं तो दर दहा मिनिटांनी सांगायचा. प्रवेश अर्जावर ‘रेफरन्स कोड’ नावाचा एक रकाना होता आणि त्यात त्याचा कोड आधीच भरलेला होता. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात पुढे एकाने सहज सांगून टाकलं, की त्या कोडवर दर प्रवेशामागे पैसे मिळतात.

स्कॉलरशिपची परीक्षा घरबसल्या, मोबाइलवर, अर्ध्या तासाची. भाचीला पन्नास टक्के मिळाली. शेजारच्या मुलाने निम्मे प्रश्न सोडूनच दिले होते, त्याला चाळीस टक्के. त्या गावात नापास झालेला एकही मुलगा मला अजून भेटलेला नाही. ज्या परीक्षेत कुणीच नापास होत नाही तिला मेरिटची परीक्षा का म्हणावं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता तर तो माणूस हसून पुढच्या स्लाइडवर गेला असता.

पत्रावर मोठ्या अक्षरांत दोन गोष्टी होत्या. ‘५०% मेरिट स्कॉलरशिप’ आणि ‘बी.टेक. ऑनर्स प्रोग्रॅममध्ये निवड’. खाली बारीक अक्षरांत: जागा राखण्यासाठी तीन दिवसांत २५,००० रुपये भरावेत. सल्लागाराने तोंडी हिशोब सांगितला, वर्षाची फी ३,२०,०००, निम्मी माफ, म्हणजे १,६०,०००. चार वर्षांचे सहा लाख चाळीस हजार. कॅप म्हणजे सरकारची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया आणि महाडीबीटी म्हणजे फी माफीचे अर्ज भरायचं राज्य सरकारचं पोर्टल. ताई म्हणाली, “सर, कॅपमध्ये नाव घालून ठेवू का? सरकारी माफी आहे म्हणतात मुलींना.” यावर त्याने जे उत्तर दिलं ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महागडं वाक्य ठरलं. “ताई, ती माफी सगळ्याच मुलींना आहे. आपल्याकडेही मिळते. महाडीबीटीचा फॉर्म आमचा माणूस भरून देईल. कॅपच्या नादात ही जागा घालवू नका.”

तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. मुलींना व्यावसायिक शिक्षण मोफत, ही घोषणा उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच केली होती, पण शासन निर्णय आला ८ जुलै २०२४ ला. मधले महिने घोषणा सगळ्यांच्या कानावर होती आणि अटी कुणाच्याच हातात नव्हत्या. अशा सल्लागारांचा हंगाम नेमका तोच. निर्णय आला तेव्हा त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला आणि संस्था पातळीवरचा प्रवेश यात बसत नाही. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर नाव घेऊन वगळलेली आहेत. तोपर्यंत ताईने पहिला हप्ता भरला होता, मुलीचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला विद्यापीठाच्या कपाटात होता, आणि पुढे कॅपची नोंदणीही राहून गेली.

हे उघडकीला आलं सप्टेंबरात, तेही बँकेमुळे. दुसऱ्या हप्त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं. बँकेने नेहमीप्रमाणे विद्यापीठाच्या लेटरहेडवर चारही वर्षांचं फी-पत्रक मागितलं. मी पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघतो, म्हणून ताईने ते मला पाठवलं. “अरे, एकदा नजर टाक, सहा चाळीसच्या जागी काहीतरी भलतंच दिसतंय.”

पहिलं वर्ष २,६०,०००. दुसरं ३,८०,०००. तिसरं, चौथं तेवढंच. बेरीज चौदा लाख. आणि स्कॉलरशिपच्या रकान्यात दुसऱ्या वर्षापासून शून्य.

आता हा आकडा कसा झाला बघा. ३,२०,००० मध्ये शिक्षण शुल्क २,४०,००० आणि ‘विकास व इतर’ ८०,०००. पन्नास टक्के सूट फक्त शिक्षण शुल्कावर, म्हणजे १,२०,०००. ऑनर्सचे वेगळे ६०,००० दर वर्षी, ज्याचा मंगल कार्यालयात उच्चारही झाला नव्हता. म्हणजे ३,८०,००० मधून १,२०,००० गेले, उरले २,६०,०००. ज्याला पन्नास टक्के म्हणत होते ते प्रत्यक्षात एक तृतीयांशही नव्हतं. आणि स्कॉलरशिप चारही वर्षं टिकली असती तरी बेरीज दहा लाख चाळीस हजार. दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत फी वाढवायचा हक्क त्यांनी करारात राखून ठेवलाय, तो यात धरलेलाच नाही.

ती टिकणार होती का? अट अशी: प्रत्येक सेमिस्टरला ८.५ ग्रेड पॉइंट, एकही विषय मागे नको, हजेरी ८५ टक्के. हुशार मुलीला ८.५ काय अवघड, असं दाजींना वाटलं. पण तिथे ग्रेड ठरतात वर्गातल्या इतरांच्या तुलनेत. वरचे ग्रेड वर्गातल्या ठरावीक मुलांनाच मिळणार, मग बाकीच्यांनी कितीही अभ्यास केला तरी. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना स्कॉलरशिप देऊन बसवायचं आणि ती टिकवायची चाळणी मात्र थोड्यांनाच पार करता येईल अशी ठेवायची. मी प्रवेश कार्यालयाला फोन करून विचारलं, मागच्या तुकडीत किती जणांना पहिल्या वर्षी दिली आणि दुसऱ्या वर्षी किती जणांची राहिली? “सर, तो इंटर्नल डेटा आहे.” बँकेला पाठवलेल्या पत्रकात मात्र त्यांनी स्वतःच शून्य लिहिलं होतं. मुलगी अजून पहिल्या परीक्षेलाही बसली नव्हती.

हे फी-पत्रक म्हणजे माझ्या मते या धंद्यातला एकमेव खरा कागद. जाहिरात पालकांसाठी असते, त्यात काहीही चालतं. बँकेच्या कागदावर सही-शिक्का असतो आणि चुकीचं लिहिलं तर बँक उलट विचारते. म्हणून कर्ज काढायचं नसलं तरी “कर्जासाठी चार वर्षांचं वर्षनिहाय फी-पत्रक द्या” असं एकही रुपया भरण्याआधी मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

ऑनर्सचं थोडक्यात सांगतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात बी.टेक. सुमारे १६० क्रेडिटचं आहे (क्रेडिट म्हणजे तासांवरून मोजलेला अभ्यासाचा भार). त्यावर १८ ते २० क्रेडिट जास्तीचे केले की ऑनर्स, आणि हे क्रेडिट स्वयम-एनपीटीईएलसारख्या ऑनलाइन कोर्समधूनही घेता येतात. ते शिकायला मोफत आहेत, परीक्षेचे हजार रुपये पडतात. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्वायत्त कॉलेजात विचारलं तर तिथे पहिल्या दोन वर्षांच्या निकालावर ऑनर्सला नाव घेतात, वेगळी फी नाही. बारावीच्या मुलीला पहिल्याच दिवशी ऑनर्सला ‘निवडलं’ म्हणजे काय निवडलं? पत्राच्या मागच्या पानावर ‘निवड तात्पुरती, दुसऱ्या सेमिस्टरनंतर अंतिम’ असं होतंच. साठ हजार मात्र पहिल्या दिवसापासून. बी.एस्सी., बी.कॉम.वाल्यांनाही हा शब्द हल्ली फार विकला जातोय, म्हणून लिहितो: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची आणि चौथं वर्ष केलं की १६० क्रेडिटची ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स हवी तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. चौथं वर्ष असलेल्या गावातल्या साध्या कॉलेजातही हेच.

प्रवेश रद्द करायला गेलो तेव्हा खरी खडाजंगी झाली. पहिलं उत्तर, “बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत, पॉलिसी आहे.” दुसरं, “यूजीसीचा नियम खाजगी विद्यापीठाला लागू नाही.” हे धादांत खोटं. राज्याच्या कायद्याने झालेलं विद्यापीठही त्यात येतं. २०२४-२५ साठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून परत, असं कळवलं होतं. ही तारीख दर वर्षी नव्याने येते, ती त्या त्या वर्षीची बघून घ्या. २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत आणि चालू सेमिस्टर किंवा वर्षापलीकडची फी आगाऊ घेता येत नाही. २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांत तर माहितीपत्रकातली दिशाभूल करणारी माहिती आणि कागद परत न देणं, दोन्ही तक्रारीचे विषय म्हणून लिहिलेले आहेत, आणि प्रत्येक विद्यापीठाला लोकपाल नेमायला सांगितलंय.

आम्ही रद्द करण्याचा अर्ज हातात दिला नाही, ईमेलने पाठवला, म्हणजे तारीख त्यांच्या शिक्क्यावर अवलंबून राहिली नाही. ताईला कार्यालयात बसवून “आज साहेब नाहीत, सोमवारी या” सुरू झालंच होतं. ३० सप्टेंबर उलटेपर्यंत ते सोमवार पुरले असते. मग आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार घातली: पत्र, पावत्या, फी-पत्रक आणि सल्लागाराच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांचे स्क्रीनशॉट. त्याने “माफी आपल्याकडेही मिळते” हे फोनवर न सांगता एकदा लिहूनही टाकलं होतं, ते फार उपयोगी पडलं. तोंडी सांगणाऱ्याला म्हणावं, हेच जरा मेसेज करा.

शाळा सोडल्याचा दाखला आधी आला. भरलेल्या १,३०,००० पैकी १,०५,००० त्यानंतर, आणि बुकिंगचे २५,००० लोकपालांना पत्र गेल्यावर. सल्लागार म्हणतो, “मी फक्त माहिती दिली, निर्णय तुमचा.” त्याने एक रुपयाही आमच्याकडून घेतलेला नसल्यामुळे त्याच्याविरुद्ध पावती दाखवायला आमच्याकडे काही नाही. फी शून्य ठेवण्याचा फायदा हा असा.

पैसे आले, पण तोवर कॅपच्या फेऱ्या संपल्या होत्या. रिकाम्या जागांवर संस्था पातळीवर प्रवेश मिळत होता, त्यावर माफी नाही. भाचीने वर्ष घरी काढलं, पुन्हा सीईटी दिली आणि २०२५ ला कॅपमधून संगणक शाखेत जिल्ह्याच्या कॉलेजला लागली. तिथलं शिक्षण शुल्क १,०५,०००, ते माफीत गेलं. विकास शुल्काचे १५,००० भरावे लागले, कारण माफी विकास शुल्काला नाही, हेही ध्यानात ठेवा. विद्यापीठाच्या वसतिगृहाला भरलेल्या ७०,००० पैकी निम्मे अजून यायचे आहेत. वसतिगृह वेगळी संस्था चालवते, आमचा संबंध नाही, असं विद्यापीठाचं म्हणणं आहे. पावतीवर मात्र विद्यापीठाचंच नाव छापलेलं आहे, आणि तीच पावती जोडून दुसरी तक्रार घातली आहे.