सकाळचा हास्यक्लब केमोच्या रुग्णाला झेपतो का?

बागेतल्या हास्यक्लबात सहसा पैसे पडत नाहीत, अर्ध्या तासात आटोपतं आणि तिथे कुणी रिपोर्ट विचारत नाही. कर्करुग्णाला या तिसऱ्या गोष्टीचाच मोठा आधार वाटतो.

डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा लोक विनोद सांगून हसवत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि कारणाशिवाय हसायचं ठरलं. रुग्णाच्या हे पथ्यावरच पडतं, कारण मूड नसला तरी निदान नकली हसून सुरुवात करता येते.

मात्र क्लबातला साचा धडधाकट माणसासाठी बेतलेला असतो. 'हो-हो, हा-हा-हा'च्या टाळ्या तळवे जोरात आपटून वाजवतात. केमोने बोटं बधिर झाली असतील किंवा हाताला सुई असेल तर नुसती मांडीवर थाप पुरे. स्तनाच्या ऑपरेशननंतर हात वर न्यायचा तो फिजिओने सांगितलाय तेवढाच. सिंहहास्यात जीभ पूर्ण बाहेर काढतात. तोंड आलेल्याला ते झोंबतं, आणि तोंडाच्या कर्करोगात रेडिएशननंतर जबडा जेमतेम दोन बोटं उघडत असेल तर ते सोडूनच द्यावं. त्याऐवजी ओठ मिटून 'हम्म'चं गुणगुणतं हसू घ्या. खांदे हलतात, जबड्याला ताण नाही. मधून पाण्याचा घोट हवाच.

खदखदून हसताना पोटावर दाब येतो. पोटाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले नसतील, हर्निया किंवा स्टोमा (शौच वा लघवीसाठी पोटावर केलेलं छिद्र) असेल, आजार हाडांत पसरला असेल किंवा प्लेटलेट्स कमी असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. सलग हसल्याने चक्कर येते, ओठांभोवती मुंग्या येतात, कारण श्वास अति होतो. अर्धा मिनिट हसा, मग दोन संथ श्वास घ्या, सोडताना जास्त वेळ द्या. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी खाली असतात. तेव्हा गर्दी नको, घरून ऑनलाइन वर्ग बरा. ताप ३८ अंश सेल्सिअसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला तर वर्ग वगैरे राहू द्या, थेट हॉस्पिटलला फोन करा.

सगळ्यात उजवा भाग शेवटचा: हास्यध्यान, म्हणजे शांत बसून हसू आपोआप येऊ देणं, आणि मग शिथिलीकरण. ज्याला उभं राहणंही जड जातं त्यालाही तो खुर्चीत बसून जमतो. इथेच पुष्कळांना रडू फुटतं. चांगला संचालक ते येऊ देतो. 'हसा हो, पॉझिटिव्ह राहा' म्हणत मागे लागणारा मात्र उलट एकटं पाडतो. आणि हसण्याने गाठ विरघळते असं कुणी सांगू लागलं तर चप्पल घाला आणि निघा. झालेले अभ्यास छोटे आहेत. त्यांतल्या काहींत ताण आणि चिंता थोडी उतरलेली दिसते, आजारावर परिणाम झाल्याचा पुरावा नाही.

जाण्याआधी संचालकाला दोनच गोष्टी विचारा: खुर्ची मिळेल का, आणि मध्येच उठलं तर चालेल का. दुसऱ्यावर कुरकुर ऐकू आली तर दुसरा क्लब बघा.