गंगापूर रोडवरील ‘प्राण्यांचे कपकेक’ कार्यशाळा : काय जमले, काय राहून गेले

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका होम बेकरताईंनी मुलांसाठी घेतलेल्या ‘प्राण्यांचे कपकेक’ या तीन तासांच्या कार्यशाळेला माझी नऊ वर्षांची मुलगी आणि सुट्टीसाठी आमच्याकडे आलेला सहा वर्षांचा भाचा असे दोघेही गेले होते. प्रत्येकी ७५० रुपये शुल्कात चार कपकेक, सगळे साहित्य आणि घरी नेण्यासाठी खोका मिळणार होता. आठ वर्षांखालील मुलासोबत एका पालकाने थांबावे असा नियम असल्यामुळे मी अकरापासून दोनपर्यंत भिंतीशी खुर्ची टाकून सगळे पाहत होतो. ताईंचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा मांडल्या आहेत त्या घरगुती स्वरूपात चालणाऱ्या अशा बहुतेक वर्गांत थोड्याफार फरकाने आढळतात आणि जवळजवळ एकट्याने सोळा मुले सांभाळणाऱ्या बाईंना त्यासाठी वेगळे काढणे मला योग्य वाटत नाही.

पहिली तक्रार जाहिरातीच्या शब्दांची आहे. ‘मुले स्वतः बेक करतील आणि सजवतील’ असे त्यात म्हटले होते, प्रत्यक्षात मात्र बहुतेक कपकेक आदल्या रात्रीच भाजून तयार होते. ताईंकडे घरगुती ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, एकच होता आणि त्यात सहा खळग्यांचा एकच ट्रे बसत होता. सोळा मुलांचे प्रत्येकी चार म्हणजे चौसष्ट कपकेक. सहाच्या एका घाण्याला वीस मिनिटे धरली तरी अकरा घाणे आणि साडेतीन तासांहून अधिक वेळ केवळ भाजण्यात गेला असता. गणित सरळ आहे, तेव्हा आधी भाजून ठेवण्यात काही गैर नाही. पण मग जाहिरातीत तसे लिहावे. माझी मुलगी ‘माझा केक कधी फुगणार?’ या एका प्रश्नाच्या ओढीने गेली होती आणि तिला सजावटीसाठी दुसऱ्या कोणीतरी केलेला केक मिळाला, याचे तिला घरी येईपर्यंत वाईट वाटत होते.

एक घाणा मात्र मुलांसमोर झाला आणि तो मला संपूर्ण कार्यशाळेतला सर्वांत चांगला भाग वाटला. मिश्रण बिनअंड्याचे होते. ताईंनी काचेच्या वाडग्यात दही घेऊन त्यात साखर विरघळवली, वरून खाण्याचा सोडा घातला आणि वाडगा मुलांच्या मध्ये ठेवून दिला. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आल्यावर वायू सुटतो आणि तोच केकला फुगवतो, हे सांगण्याआधी त्यांनी मुलांना ते दही फसफसून वर येताना पाहू दिले. चाळलेला मैदा घातल्यावर मिश्रण फार फेटायचे नाही, नाहीतर मैद्याला चिवटपणा येऊन केक ब्रेडसारखा लागतो, हेही त्यांनी थोडक्यात समजावले. कागदी कप दोनतृतीयांशच भरायचा हा नियम सांगून झाल्यावर एका मुलाने आपला कप काठोकाठ भरला. त्यांनी तो कमी केला नाही, तसाच ओव्हनमध्ये जाऊ दिला. अठरा मिनिटांनी तो कडेने उतू जाऊन ट्रेला चिकटलेला आणि टोपीसारखा पसरलेला बाहेर आला, तेव्हा दोनतृतीयांश म्हणजे किती हे सोळाही मुलांना पुन्हा सांगण्याची गरज उरली नाही.

क्रीमच्या बाबतीत मात्र नाशिकच्या उन्हाने घात केला. आपल्या शहराची हवा थंड असल्याची ख्याती मे महिन्याच्या दुपारी उपयोगी पडत नाही. केकवर येणारे क्रीम बहुतेक वेळा दुधाचे नसून वनस्पती तेलापासून केलेले असते. ते गोठवून ठेवतात, फ्रीजमध्ये सावकाश वितळू देतात आणि गार असतानाच फेटतात. ताईंनी वाडग्याखाली बर्फ ठेवून ते छान घट्ट फेटले होते, पण मुलांच्या हातात दिलेले, क्रीम भरून पिळायचे कोन काठोकाठ भरलेले होते. लहान मुले कोन वरून पिळण्याऐवजी मधोमध मुठीत धरतात, त्यामुळे हाताची ऊब थेट क्रीमला लागते आणि दहा मिनिटांत ते पातळ होते. अर्धाच कोन भरून दोनदा दिला असता तर हा प्रश्न बराच कमी झाला असता. बारीक भोकांचे, गवतासारखे क्रीम काढणारे नोझल वापरून सिंहाची आयाळ करताना पहिल्या पाच मुलांचे सिंह रुबाबदार झाले. शेवटच्यांचे सिंह नुकतेच गोदावरीत बुडी मारून आल्यासारखे दिसत होते.

खोलीत गारवा राहावा म्हणून लावलेला पाण्याचा कूलर हा दुसरा घोळ ठरला. प्राण्यांचे कान, नाक आणि चेहऱ्याच्या चकत्या फॉन्डंटच्या होत्या. फॉन्डंट म्हणजे शेवटी मळलेली साखरच. ती हवेतला ओलावा ओढून घेते. कूलरच्या झोताशेजारच्या टेबलावरचे ससे तासाभरात चिकट झाले, त्यांचे कान लवून गालांना टेकले. कूलर बंद केला तर क्रीम वितळते आणि चालू ठेवला तर फॉन्डंट घामेजते, अशा कोंडीत ताई मधल्या अर्ध्या तासात कूलरचे बटण किमान चार वेळा दाबून आल्या. कार्यशाळा सकाळी आठला सुरू केली असती तर दोन्ही प्रश्न बहुधा टळले असते.

आता बिबट्याविषयी. ताईंनी ठरवलेले चार प्राणी ससा, सिंह, पांडा आणि मेंढी असे होते. भाच्याने पहिल्याच मिनिटाला आपल्याला बिबट्या करायचा असल्याचे जाहीर केले. ज्या जिल्ह्यात उसाच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या दर तोडणीला येतात आणि अधूनमधून तो शहरातल्या वस्तीतही येऊन जातो, तिथल्या मुलाला पांडापेक्षा बिबट्या जवळचा वाटावा यात नवल नाही. ताईंनी नकार दिला नाही. त्यांनी सिंहासाठी मळलेल्या पिवळ्या फॉन्डंटमध्ये चिमूटभर कोको मिसळून चकती लाटली, तपकिरी जेल रंगात दोन थेंब पाणी घालून बारीक ब्रश भिजवला आणि नमुन्यादाखल तीन गोल ठिपके स्वतः काढले. भाचा क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, ‘ताई, हा चित्ता झाला. बिबट्याचे ठिपके मधून रिकामे असतात.’ मुलाचे म्हणणे बरोबर होते. चित्त्याचा ठिपका भरीव असतो, तर बिबट्याच्या अंगावर तुटक कड्यांची फुले असतात. ताईंनी ब्रश त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘मग तूच दाखव मला.’ त्याने जीभ दातांत धरून, मनगट टेबलाला टेकवून, तीन-तीन छोट्या रेघांचे एकेक कडे काढायला सुरुवात केली. एका कपकेकला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात ताई एकदाही त्याच्या हाताला हात लावायला आल्या नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या एका आईने मात्र आपल्या मुलीचा पांडा जवळजवळ संपूर्ण स्वतःच केला. पालकांना बसवून ठेवायचे तर त्यांचे हात कुठेतरी गुंतवायला हवेत, ही सूचना मी निघताना केली.

पांडावरून रंगांचा विषय निघतो. आपल्याकडे खाद्यपदार्थांत परवानगी असलेले कृत्रिम रंग आठच आहेत आणि त्यांत काळा नाही. काळा म्हणून मिळणारे जेल बहुधा इतर रंगांच्या मिश्रणातून तयार केलेले असते आणि गडदपणा येण्यासाठी ते भरपूर घालावे लागते. पांडा खाल्लेल्या मुलांच्या जिभा संध्याकाळपर्यंत निळसर काळ्या होत्या. आधी क्रीममध्ये कोको मिसळून ते गडद तपकिरी केले असते, तर नंतर थेंबभर काळा पुरला असता. डोळ्यांसाठी वापरलेल्या चॉकलेटच्या गोळ्यांऐवजी काळे मनुके चालले असते, हेही जाता जाता सांगतो. द्राक्षांच्या जिल्ह्यात प्राण्यांना डोळे बाहेरून आणावे लागू नयेत.

मला खरोखर खटकलेली आणि ज्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले ती गोष्ट म्हणजे टूथपिक. सशांचे कान लवायला लागल्यावर ते ताठ राहावेत म्हणून मदतीला आलेल्या मुलीने प्रत्येक कानात अर्धी तोडलेली टूथपिक खोचली आणि वरून फॉन्डंट दाबून ती झाकून टाकली. पालकांना याची कल्पना कोणीही दिली नाही. घरी भाच्याने सशाचा कान सरळ दाताखाली घातला आणि काडीचे टोक हिरडीला लागले. सुदैवाने ओरखड्यावर निभावले. सहा वर्षांच्या मुलाच्या खाण्यात न दिसणारी टोकदार काडी असणे कोणत्याही कारणाने क्षम्य नाही. केक सजवणारे अनुभवी लोक अशा ठिकाणी कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा वापरतात. तो भार पेलतो आणि चुकून खाल्ला गेला तरी इजा होण्याची भीती फार कमी. मी फोन करून हे कळवले तेव्हा ताईंनी कोणतीही सबब न सांगता चूक मान्य केली आणि त्याच संध्याकाळी सर्व पालकांना कान काढून मगच कपकेक देण्याचा निरोप पाठवला.

खोक्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो दोन बोटे बुटका होता, झाकणाने मेंढीची लोकर सपाट केली, आणि इंदिरानगरला स्कूटरवरून पोहोचेपर्यंत मुंबई नाक्याच्या गर्दीत उरलेले काम झाले. केकची चव मात्र चांगली होती. बिनअंड्याचा असूनही हलका, आणि दुसऱ्या दिवशीही कोरडा पडलेला नव्हता. बिबट्या भाच्याने कोणाला खाऊ दिला नाही. तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवून त्याने तो आपल्या आईला दाखवायला बाहेर काढला आणि खोका लगेच उघडला. गार फॉन्डंटवर बाहेरची दमट हवा लागून दव धरले आणि पाण्यात कालवलेला तो तपकिरी रंग खाली ओघळला. अशा वेळी खोका बंदच ठेवून आधी तो खोलीइतका कोमट होऊ द्यायचा असतो, एवढे कार्यशाळेत सांगायला हवे होते. ओघळ पाहून भाचा म्हणाला, ‘मामा, याचा आता वाघ झालाय.’ आणि त्याने तो खाल्ला.

पुढची कार्यशाळा दिवाळीच्या सुट्टीत आहे. तेव्हा मुले बारा घेणार, वेळ सकाळची ठेवणार आणि टूथपिक वापरणार नाही, असे ताईंनी फोनवर सांगितले; ओटीजी दुसरा घेणार का, या प्रश्नावर त्या नुसत्या हसल्या. मुलीचे नाव मी नोंदवले आहे, मात्र प्रत्येक मुलाचा निदान एक कपकेक त्याच्यासमोर भाजला जावा ही अट घालून. मोठा खोका आम्ही घरूनच नेऊ.