पोकर, अभ्यास आणि झोप: दिवाळी ते मे चालवलेल्या वेळापत्रकाचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. नोकरी सांभाळून ऑनलाइन पोकर मन लावून खेळायचं असेल, तर टेबलावरून उठायची वेळ बसण्याआधी ठरलेली हवी. तेवढं एक पक्कं झालं की अभ्यास, खेळ आणि झोप आपापल्या जागी बसतात. हे वेळापत्रक मी दिवाळीच्या सुमारास लावलं, मार्च एंडमध्ये ते थोडं विस्कटलं, पण आता नागपूरच्या मे महिन्यातही चालू आहे. त्यामुळे यावर खात्रीने लिहू शकते.

वेळापत्रक साधं आहे. सकाळी ऑफिसच्या आधी पाऊण तास पोकरचा अभ्यास. रात्री जेवण झाल्यावर दीड तास खेळ, एकाच टेबलावर. साडेदहाला लॅपटॉप बंद. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पत्त्यांना हातही लावायचा नाही. रविवारी एक टूर्नामेंट, तीसुद्धा दुपारी सुरू होणारी.

एक गोष्ट स्पष्ट करते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांवरची टेबलं बंद झाली. माझा हा सगळा अनुभव फुकटच्या चिप्सवरचा आहे. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तेव्हाच पोकर सोडलं. मला या खेळातला विचार आवडतो, समोरच्याकडे काय असेल याचा अंदाज बांधणं आवडतं, म्हणून मी राहिले.

वेळेचं गणित सगळ्यात जास्त बिघडतं ते खेळाच्या प्रकारामुळे, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. टूर्नामेंटला शेवटची वेळ नसते, एकच जण उरेपर्यंत ती चालते. रात्री नऊला बसलात आणि पत्ते चांगले पडत गेले, तर दीड-दोन वाजेपर्यंत उठता येत नाही, कारण उठलात की चिप्स आपोआप ब्लाइंडमध्ये, म्हणजे पत्ते बघण्याआधीच सक्तीने भराव्या लागणाऱ्या चिप्समध्ये, जात राहतात. बऱ्याच साइटवर तासाच्या ५५ व्या मिनिटाला सगळ्या टूर्नामेंटना एकत्र पाच मिनिटांची सुट्टी मिळते. तेवढ्यात पाणी पिऊन होतं, डोकं काही शांत होत नाही. कॅश टेबलावरून (नावात कॅश असलं तरी माझ्या चिप्स तिथेही फुकटच्याच) मात्र कुठल्याही डावानंतर उठता येतं. म्हणून कामाच्या दिवशी फक्त कॅश टेबल, हा नियम मी एकदाही सैल केलेला नाही. ज्यांना टूर्नामेंटच आवडते त्यांनी सिट-अँड-गो बघावं. ठरावीक माणसं भरली की सुरू होते आणि बहुतेक वेळा तासाभरात आटोपते.

साडेदहाचा नियम हरण्या-जिंकण्यावर अवलंबून नाही, ही त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट. एका टेबलावर दीड तासात साधारण शंभर डाव होतात. दोन एक्के हातात येण्याची सरासरी २२१ डावांत एकदा. म्हणजे दोन संध्याकाळी सलग खेळूनही एकदा ते आले नाहीत, तर त्यात नवल काही नाही. एवढ्या थोड्या डावांचा निकाल तुमच्या खेळाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. मग 'आज हरतेय, अजून अर्धा तास बसते' याला अर्थ उरत नाही, आणि 'आज जमतंय, चालू देते' यालाही नाही. घड्याळ सांगेल तेव्हा उठायचं. मोठा पॉट, म्हणजे डावात जमलेल्या चिप्स, हातचा गेल्यावर डोकं तापतं, ज्याला खेळणारे टिल्ट म्हणतात, तेव्हा तर हा नियम फारच उपयोगी पडतो, कारण त्या क्षणी काहीही ठरवायची गरज नसते. पूर्वी दादा खोलीत डोकावून म्हणायचा, "किती वेळ बसून राहिली वं, झोप ना आता!" हल्ली त्याला म्हणावं लागत नाही.

आता अभ्यास. रात्री खेळताना अडलेले दोन-तीन डाव फक्त खूण करून ठेवायचे आणि झोपायचं. उलगडायचे सकाळी. २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कसिनोत चार व्यावसायिक खेळाडू लिब्रेटस नावाच्या प्रोग्रामशी वीस दिवस, १,२०,००० डाव खेळले आणि हरले. दिवसभर खेळ व्हायचा, आणि खेळाडूंनी दिवसा शोधलेल्या फटी हा प्रोग्राम रात्रभरात बुजवायचा. खेळ वेगळा आणि दुरुस्ती वेगळी, ही त्यातली पद्धत मला पटली. त्याला झोपेची गरज नव्हती, मला आहे. म्हणून माझी दुरुस्ती झोपेनंतर.

सकाळचा एक डाव नमुन्यादाखल. माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि पंजी. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत (पुढे आणखी दोन उघडतात), इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, चौकटची चव्वी. पॉट १००, समोरच्याने ५० लावले. कॉल करायला, म्हणजे तेवढेच भरून डावात राहायला, ५० घालून एकूण २०० च्या पॉटसाठी खेळायचं, म्हणजे जिंकायची निदान २५ टक्के संधी हवी. आणखी एक इस्पिक आलं की माझा फ्लश, म्हणजे पाचही पत्ते इस्पिकचे. उरलेल्या ४७ पत्त्यांत ९ इस्पिक, म्हणजे पुढच्याच पत्त्याला सुमारे १९ टक्के. नुसत्या आकड्यावर कॉल तोट्याचा दिसतो. पण दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर संधी ३५ टक्क्यांच्या आसपास जाते, शिवाय फ्लश लागला तर समोरचा आणखी देतो. सॉल्व्हर, म्हणजे सगळ्यात चांगली चाल काढून देणारं सॉफ्टवेअर, इथे बहुतेकदा कॉल करतो, आणि काही वेळा रेजही करतो, म्हणजे बेट वाढवतो, कारण रेजला समोरचा पत्ते टाकून डाव सोडू शकतो. फुकटच्या चिप्सच्या टेबलावर हा दुसरा भाग चालत नाही, तिथे पत्ते टाकतं कोण? तिथे कॉल करायचा, फ्लश लागला तर मोठी बेट लावायची, नाही लागला तर सोडून द्यायचं. सॉल्व्हरचं उत्तर आपल्या टेबलाला लागू आहे का, हे तपासण्यातच खरा अभ्यास होतो. रात्री साडेदहाला हे माझ्या डोक्यात शिरत नाही. सकाळी पाऊण तासात दोन डाव नीट होतात, आणि दोन पुरे आहेत. यूट्यूबवर तासभर दुसऱ्याचा खेळ बघण्यापेक्षा स्वतःचे दोन डाव मला कधीही जास्त शिकवून जातात.

विश्रांतीबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, पण महत्त्व तिचंच जास्त. सुट्टीच्या दोन संध्याकाळी मी सेमिनरी हिल्सकडे किंवा फुटाळ्याला चक्कर मारते. पहिल्या काही आठवड्यांत त्या संध्याकाळी रिकाम्या वाटायच्या. आता सुट्टीनंतरच्या दिवशीच माझे निर्णय सगळ्यात स्वच्छ असतात, वहीत लिहिलेल्या नोंदींवरून ते उघड दिसतं. रविवारी सकाळी तर्री पोहे, आईसोबत भाजी, मग दुपारी टूर्नामेंट, आणि रात्रीची झोप पूर्ण.

उणिवाही आहेत. मार्चमध्ये ऑफिसच्या हिशेबांमुळे सकाळचा अभ्यास महिनाभर जवळपास बंद होता. तेव्हा मी खेळही निम्मा केला, कारण अभ्यास थांबवून खेळ तेवढाच ठेवला की जुन्या सवयी परत घट्ट होतात. मे महिन्यात रविवारची दुपार जड जाते. बाहेर पारा ४५ च्या घरात, खोलीत कूलरचा आवाज आणि दमट हवा. तिसऱ्या तासाला लक्ष उडतं. आणि ज्यांची शिफ्ट रात्रीची आहे, नागपूरच्या मिहान या आयटी-उद्योगांच्या भागात असे बरेच जण आहेत, त्यांना माझ्या वेळा जशाच्या तशा लागू पडणार नाहीत. त्यांनी झोपेनंतर अभ्यास, कामाआधी खेळ, एवढा क्रम ठेवून बघावा.

पावसाळा लागेपर्यंत रविवारच्या टूर्नामेंटऐवजी सकाळी सिट-अँड-गो खेळायचं ठरवलंय. सकाळी टेबलं भरायला वेळ लागतो, पण तेवढ्यात आदल्या रात्रीचा एखादा खूण केलेला डाव बघून होतो.